परिचारिका म्हटले की भुवया का उंचावतात?

विजयादशमीच्या संचलनावर पुष्पवृष्टी करणाऱ्या घरातील कन्येने सैनिकी परिचारिका होण्याचा मनोदय व्यक्त केला, की तेच घर चिंताक्रांत होते. ‘शुश्रूषा? त्यापेक्षा अभियांत्रिकी बरी!’ या नाक मुरडण्यामागे अज्ञान आहेच; त्याहून अधिक आहे तो सेवेविषयीचा सुप्त तुच्छभाव. सेवा हा परमधर्म मानणाऱ्यांना तो शोभत नाही.

पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात, मुंबईच्या ‘अश्विनी’ या नौदल रुग्णालयात चार वर्षांचा बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रम चालतो. निवास-भोजन सरकारी, सेवेचे बंधपत्र मात्र सक्तीचे. उत्तीर्ण कन्या लेफ्टनंट म्हणून रुजू होते. भारतीय सेनेतील पहिल्या महिला मेजर जनरल गर्ट्रूड अॅलिस राम १९७६ मध्ये याच सेवेतून त्या पदावर पोहोचल्या. किती घरांना हे ठाऊक आहे?

दोष केवळ घरांचा नाही. विवाह केला म्हणून १९८८ मध्ये एका लेफ्टनंट परिचारिकेला सेवामुक्त करण्यात आले. तो नियम १९९५ मध्ये मागे घेतला गेला. तिला साठ लाखांची भरपाई मिळण्यासाठी मात्र सर्वोच्च न्यायालयाचा २०२४ चा निकाल उजाडावा लागला. तिच्या बाजूने निर्णय देणाऱ्या सैनिकी न्यायाधिकरणाविरुद्ध सरकारच अपिलात गेले होते. मायबाप सरकारच असे वागल्यावर घरांनी कोणाचा कित्ता गिरवावा?