जुन्या फ्लॅशवरचा खोटा आळ

१/१३
‘जुना फ्लॅश लावला की नवा कॅमेरा जळतो.’ कॅमेऱ्याच्या दुकानात, दुरुस्तीवाल्याच्या टेबलापाशी आणि असंख्य व्हिडिओंत हे वाक्य इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की त्याला निसर्गनियमाची प्रतिष्ठा लाभली आहे. परिणामी, घरांच्या माळ्यांवरचे आणि बंद पडलेल्या स्टुडिओंतले सुस्थितीतील फ्लॅश भंगारात जातात. हा आळ अर्धाच खरा आहे. उरलेल्या अर्ध्याचा हा इतिहास. #धागा

२/१३
इतिहासाच्या अभ्यासकाने या प्रश्नात का लक्ष घालावे? झिजलेल्या शिलालेखावर किंवा वीरगळावर समोरून प्रकाश टाकला तर अक्षरे दगडात विरून जातात. तोच प्रकाश बाजूने, पृष्ठभागाला घासून जाईल असा टाकला की प्रत्येक खोदरेषेची सावली पडते आणि वाचन शक्य होते. त्यासाठी फ्लॅश कॅमेऱ्यापासून सुटा हवा. जुना फ्लॅश आणि साधा वायरलेस ट्रिगर एवढ्यात हे काम होते. (अजिंठ्यासारख्या चित्रित लेण्यांत मात्र फ्लॅशला बंदी आहे आणि ती पाळलीच पाहिजे.)

३/१३
१८८७ मध्ये जर्मनीत आडोल्फ मीथे आणि योहानेस गेडिके यांनी मॅग्नेशियमची झगमगती भुकटी आणली. १९२९ मध्ये तिथेच काचेच्या गोळ्यात बंद असलेला फ्लॅशबल्ब विक्रीस आला. सुरुवातीला छायाचित्रकार शटर उघडे ठेवी, उजेड पाडी आणि मग शटर मिटवी. कॅमेरा आणि प्रकाश यांचा परस्परांशी काही संवाद नव्हता.

४/१३
तो संवाद घडवला शटरमध्ये बसवलेल्या दोन धातूच्या पट्ट्यांनी. शटर उघडताच त्या एकमेकींना टेकतात, मंडल पूर्ण होते आणि उजेड पडतो. कॅमेऱ्यावरच्या लहान गोल ‘पीसी’ खोबणीचे नाव प्रॉन्टर आणि कॉम्पूर या दोन जर्मन शटरांवरून पडले. संगणकाशी तिचा काही संबंध नाही. १९३८ च्या अमेरिकन युनिव्हेक्स मर्क्युरी कॅमेऱ्याने हाच संपर्क माथ्यावरच्या पट्टीत आणला. तोच आजचा हॉट शू. खोबण असो वा हॉट शू, करार एकच होता: दोन टोके जोडा, उजेड मिळेल.

५/१३
१९३० च्या दशकात एमआयटीमध्ये हॅरल्ड एजर्टन यांनी इलेक्ट्रॉनिक फ्लॅशचा पाया घातला. त्याची रचना अशी: मोठ्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्टची वीज साठवलेली असते. एक छोटा कपॅसिटर ट्रिगर कॉइलमधून रिकामा होतो, काही हजार व्होल्टचा झटका निर्माण होतो आणि नळीतला वायू वीजवाहक बनतो. मग मोठ्या कपॅसिटरमधली वीज नळीतून वाहते आणि लखलखाट होतो.

६/१३
आळाचा खरा अर्धा भाग इथे आहे. अनेक जुन्या फ्लॅशमध्ये त्या छोट्या कपॅसिटरचे व्होल्टेज थेट सिंकच्या टोकांवर येते. ते २०० व्होल्टच्याही वर असू शकते. धातूच्या पट्ट्यांना त्याची फारशी बाधा नव्हती. पुढे पट्ट्यांची जागा अर्धवाहक स्विचने घेतली आणि त्याची सहनशक्ती मर्यादित असते. १९९२ च्या आयएसओ १०३३० या मानकात २४ व्होल्टची मर्यादा आहे. तरीही काही डिजिटल कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत २५० व्होल्टपर्यंत मुभा दिलेली आढळते. ‘सगळे कॅमेरे जळतात’ हे विधान इथेच कोसळते.

७/१३
दुसरी चूक म्हणजे वयावरून व्होल्टेज ठरवणे. व्हिविटार २८३ हे याचे प्रसिद्ध उदाहरण. जपानमध्ये बनलेल्या त्याच्या सुरुवातीच्या नगांवर मोठे व्होल्टेज आढळते, तर पुढे इतरत्र बनलेल्या नगांवर ते बरेच कमी असते. नाव तेच, रूपही जवळपास तेच. इतिहासाचा विद्यार्थी केवळ लिपीच्या वळणावरून ताम्रपट अस्सल ठरवत नाही. फ्लॅशचा निवाडाही केवळ चेहऱ्यावरून होऊ नये.

८/१३
निवाडा मल्टिमीटर करतो. फ्लॅशमध्ये ताजे सेल घालावेत, तयार असल्याचा दिवा लागल्यावर आणखी मिनिटभर थांबावे. मीटर डीसीच्या मोठ्या पट्ट्यावर ठेवून लाल टोक फ्लॅशच्या पायाच्या मधल्या बिंदूला आणि काळे टोक कडेच्या धातूला लावावे. आकडा उणे आला तर ध्रुवता उलटी आहे. बोटांचा स्पर्श दोन्ही टोकांना होऊ देऊ नये. फ्लॅशचे आवरण कदापि उघडू नये; बंद केल्यावरही आतला मोठा कपॅसिटर जिवावर बेतू शकतो.

९/१३
आता ट्रिगर. ट्रान्समीटर कॅमेऱ्यावर बसतो, रिसीव्हर फ्लॅशखाली. दोहोंमध्ये असतात फक्त रेडिओलहरी, बहुधा २.४ गिगाहर्ट्झच्या. फ्लॅशचे व्होल्टेज हवेतून कॅमेऱ्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणजे ज्या जोडणीत कॅमेरा सर्वांत सुरक्षित असतो, तिच्याविषयीच सर्वाधिक भीती पसरवली जाते. धोका असलाच तर तो रिसीव्हरला. त्याची मर्यादा माहितीपत्रकात पाहावी. मोजलेला आकडा त्याहून मोठा असेल तर मध्ये वाइन सेफ-सिंकसारखा व्होल्टेज उतरवणारा अडॅप्टर लावावा.

१०/१३
‘जुना आहे, जुळत नाही’ म्हणून फेकलेल्या फ्लॅशची दुखणी बहुधा किरकोळ असतात. एकदाच पेटून पुन्हा न पेटणे: रिसीव्हरमधला स्विच चालू अवस्थेत अडकतो, जोडणी सोडवली की सुटतो. मुळीच न पेटणे: अनेकदा ध्रुवता उलटी असते. छायाचित्राच्या कडेला काळा पट्टा येणे: शटरचा वेग जास्त आहे, तो १/१२५ सेकंदावर आणून पाहावा. यांतला एकही दोष फ्लॅशच्या म्हातारपणाचा नाही.

११/१३
मग जुळणी मोडली कोणी? मिनोल्टाने १९८८ मध्ये सर्वमान्य शू सोडून स्वतःचा वेगळा शू आणला. हा वारसा पुढे सोनीकडे गेला आणि २०१२ मध्ये सोनी पुन्हा प्रमाणित आकाराकडे वळली. त्या २४ वर्षांत ग्राहक अडॅप्टर विकत घेत राहिले. २०१९ मध्ये कॅननच्या ईओएस २०० डी मार्क २ या नवशिक्यांच्या कॅमेऱ्यातून शूचा मधला संपर्कबिंदूच नाहीसा झाला. केवळ त्या बिंदूवर चालणारा साधा ट्रिगर त्यावर मुका राहतो. अनेक दशकांचा करार जुन्या फ्लॅशने पाळला आणि नव्या कॅमेऱ्याने मोडला. तरीही आरोपीच्या पिंजऱ्यात उभा केला जातो तो फ्लॅशच.

१२/१३
प्रतिपक्षाचे म्हणणेही ऐकावे. नव्या फ्लॅशचे स्वयंचलित प्रकाशमापन आणि अतिवेगवान शटरशी साधलेला मेळ या खऱ्या सोयी आहेत. लग्नमंडपात धावपळ करणाऱ्या छायाचित्रकाराने त्या जरूर घ्याव्यात. मात्र शिलालेख पळून जात नाही. फ्लॅश मॅन्युअलवर ठेवून दोन-चार चाचणी छायाचित्रांत प्रकाश एकदा ठरवला की फ्लॅशचे अंतर आणि ताकद बदलेपर्यंत तोच चालतो. ज्याला हे काम करायचे आहे त्याला ‘नवा घेतल्याशिवाय गत्यंतर नाही’ असे सांगणे हा सल्ला नसून विक्री आहे.

१३/१३
गावोगावच्या वीरगळांवरचे तपशील ऊन-पावसात दरवर्षी थोडे थोडे पुसट होत आहेत. ते वेळेत टिपण्याची इच्छा असलेल्या विद्यार्थ्याकडे पैसे नसतील, पण घरात पडून राहिलेला फ्लॅश असू शकतो. तो भंगारवाल्याच्या तराजूत घालण्यापूर्वी त्याला एकदा मल्टिमीटर लावावा. आकडा रिसीव्हरच्या मर्यादेत बसला, तर तो फ्लॅश पुढच्याच रविवारी एखाद्या वीरगळापाशी कामाला लागू शकतो.
(समाप्त)