जागा भाड्याची, नाव मात्र आपलं

कल्याणहून नगरच्या रस्त्याला लागलं, मुरबाड, सरळगाव, टोकावडे मागे टाकलं की वैशाखरे येतं. पुढे माळशेज घाट सुरू. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी या रस्त्यावर गाड्यांची रीघ लागलेली असते. नाणेघाट चढायला आलेली मंडळीही वैशाखऱ्याच्या आसपासच एसटीतून उतरतात. हा राबता आजचा नाही. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण बंदरातला माल नाणेघाटानेच जुन्नरला चढायचा. सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतला लेख घाटातल्या लेण्यात अजून आहे, आणि जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजणही तिथेच आहे.

वाटसरू आला की त्याला जेवू घालायचं, चहा द्यायचा, रात्रीपुरती पडवी झाडून द्यायची. हे काम बहुतेक घरांत बाईच करते. पण आता ठाण्या-मुंबईची मुलं घरून निघायच्या आधीच मोबाईलवर जेवणाखाणाची सोय शोधतात. तिथे जिचं नाव दिसेल तिच्याकडे फोन जातो. मग घरात विषय निघतो, "आपली पण एक वेबसाइट पाहिजे!" बचत गटाच्या बैठकीतही हेच. नाचणीचे पापड, लोणचं, तांदूळ महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात विकला जातो, पण प्रदर्शन संपल्यावर गिऱ्हाइकानं आपल्याला शोधायचं कुठे?

एखादा भाचा नाहीतर पुतण्या संगणकावर बसतो आणि आपल्यासमोर तीन रकान्यांचा तक्ता येतो. स्वस्तातला, मधला, महागडा. मधल्यावर ठळक पट्टी, 'सर्वात जास्त पसंती'. आणि विचारतो, "मावशी, कुठला घेऊ?"

मैत्रिणींनो, आजचा लेख या प्रश्नाच्या उत्तरासाठी. माझं उत्तर आधीच सांगून टाकते. सुरुवातीला सगळ्यात लहान प्लॅन घ्या, पण तो स्वतःच्या नावावर घ्या. यातल्या पहिल्या अर्ध्या भागावर सगळे बोलतात, दुसऱ्याकडे कुणी बघत नाही.

आधी तीन गोष्टी वेगळ्या करू, कारण विकणारे त्यांची एकच मोट बांधतात. पहिली गोष्ट डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, दुकानावरची पाटी. दुसरी होस्टिंग, म्हणजे तुमचे फोटो, दरपत्रक, मजकूर जिथे ठेवला जातो ती संगणकावरची जागा, भाड्याचा गाळा म्हणा. आणि तिसरी गोष्ट म्हणजे गाळ्यातला माल, तो मजकूर आणि ते फोटो. गाळा बदलला तरी पाटी आणि माल घेऊन पलीकडच्या गल्लीत दुकान मांडता येतं. पाटीच दुसऱ्याच्या नावावर असेल तर मात्र काही चालत नाही.

कुणी म्हणेल, एवढं कशाला? व्हॉट्सॲप आहे, फेसबुक आहे, फुकट आहे. खरंय, आणि ते वापराच. पण म्हसाच्या जत्रेत मांडलेलं दुकान आणि गावातलं आपलं दुकान यात फरक असतोच ना? जत्रेत गर्दी मिळते, पण जागा कुठली, किती दिवस, हे जत्रेवाले ठरवणार. याहूच्या 'जिओसिटीज'वर लोकांनी हौसेनं फुकट पानं बांधली होती, ती २००९ मध्ये बंद झाली. आपल्याकडे गावोगावच्या तरुणाईचं आवडतं 'ऑर्कुट' सप्टेंबर २०१४ मध्ये मिटलं. गूगलने छोट्या दुकानदारांना फुकटात दिलेल्या वेबसाइट मार्च २०२४ मध्ये बंद केल्या. ज्यांनी पाट्यांवर, पिशव्यांवर तो पत्ता छापला होता त्यांची छपाई वाया गेली. उलट अमेरिकेतल्या मराठी माणसांनी १९९६ च्या गणेशोत्सवात सुरू केलेली 'मायबोली' स्वतःच्या नावावर, स्वतःच्या पत्त्यावर आजही चालू आहे. फुकटची जागा वापरा, पण पाटीवर आपला पत्ता लिहा.

आता प्लॅन. होस्टिंगचे ढोबळ तीन प्रकार. 'शेअर्ड' म्हणजे चाळ. एका संगणकावर कितीतरी वेबसाइट, नळ सामायिक. भाडं कमी, पण शेजाऱ्यानं पाणी जास्त ओढलं की आपल्या घागरीला वेळ लागतो. 'व्हीपीएस' म्हणजे इमारतीतला फ्लॅट, आपल्या वाट्याचं ठरलेलं. 'डेडिकेटेड' म्हणजे अख्खा बंगला, आणि त्याची झाडलोटही आपल्यालाच. 'क्लाउड' हा शब्दही ऐकाल. त्यात काम अनेक संगणकांवर वाटलेलं असतं आणि पुष्कळदा वापराप्रमाणे बिल येतं. खानावळ, बचत गट, शिवणवर्ग, दोन खोल्यांची राहण्याची सोय, यांना चाळ पुरते.

पुरते कशावरून? हिशोब करू. समजा दिवसाला शंभर माणसं आली, प्रत्येकानं तीन पानं पाहिली आणि एक पान दोन एमबीचं आहे. म्हणजे दिवसाला ६०० एमबी, महिन्याला १८ जीबी. पावसाळ्यातल्या गर्दीत याच्या दुप्पट धरा, ३६ जीबी. एवढी ये-जा साध्या शेअर्ड प्लॅनमध्ये सहसा बसते. जागेचंही तसंच. मोबाईलनं काढलेला फोटो चार एमबीचा असतो, असे दोनशे म्हणजे ८०० एमबी. तेच फोटो आधी लहान करून ३०० केबीवर आणले तर सगळे मिळून ६० एमबी. घाटाच्या पायथ्याशी रेंज एका वळणावर येते नि दुसऱ्या वळणावर जाते. तिथे उभ्या असलेल्या माणसाला तुमचं पान हलकं असेल तरच दिसणार. मोठा प्लॅन घेऊन जड फोटो हलके होत नाहीत. आणि 'अनलिमिटेड' हा शब्द वाचला की खालची बारीक अक्षरं वाचा. तिथे 'योग्य वापरा'ची अट असते आणि योग्य किती ते कंपनी ठरवते.

आपले गिऱ्हाईक ठाणे, कल्याण, पुण्याचे असेल तर मुंबईतलं किंवा भारतातलं केंद्र निवडता येतं का ते विचारा. परदेशातून फेरा घालून येण्यापेक्षा ते जवळ पडतं. 'नव्याण्णव पूर्णांक नऊ टक्के वेळ चालू' अशी हमीही छापलेली असते. ती पाळली गेली तर तीस दिवसांच्या महिन्यात वेबसाइट फार तर ४३ मिनिटं बंद राहील. हमी नुसती ९९ टक्क्यांची असेल तर हाच आकडा सव्वासात तासांच्या जवळ जातो. तेवढ्यात एक अख्खा रविवार जायचा!

पैशाचं आता. बाजारात भाजी घेताना आपण काटा बघतो, इथे मात्र मोठ्या अक्षरातला आकडा बघून मोकळ्या होतो. समजा जाहिरात आहे महिना ९९ रुपयांची. बारकाईनं वाचलं तर तो दर चार वर्षांचे पैसे एकदम भरले तरच. म्हणजे ४८ महिन्यांचे ४,७५२ रुपये, वर १८ टक्के जीएसटी धरून ५,६०७. आणि चार वर्षांनी नूतनीकरणाचा दर समजा महिना २९९ असेल, तर एकाच वर्षाचे करासह ४,२३४ रुपये. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, पण रीत हीच असते. म्हणून पहिला प्रश्न 'आत्ता किती' हा नको. 'दुसऱ्या खेपेला किती' हे विचारा. सुरुवातीला वर्षभराचंच भाडं भरा. थोडं महाग पडेल, पण जागा पटली नाही तर सोडता येईल. डोमेनचे पैसे मात्र चार-पाच वर्षांचे एकदम भरले तरी हरकत नाही. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी नाव घेता येतं.

पैसे भरायच्या पानावर नीट बघा. तुम्ही न मागितलेल्या दोन-तीन वस्तू टोपलीत आधीच टाकलेल्या असतात. त्यातली एक बहुधा सुरक्षा प्रमाणपत्राची. काही ब्राउझरमध्ये पत्त्याच्या बाजूला कुलूप दिसतं ते त्याच्यामुळे. ते हवंच, पण 'लेट्स एन्क्रिप्ट' ही संस्था ते फुकट देते आणि पुष्कळ होस्टिंग कंपन्या ते प्लॅनमध्येच लावून देतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार न विचारता टोपलीत वस्तू टाकणं आणि वर्गणी बंद करणं मुद्दाम अवघड करून ठेवणं या गोष्टींना मनाई आहे. तसं झालं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

एका गोष्टीवर मात्र काटकसर करू नका, ती म्हणजे बॅकअप. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच या बड्या कंपनीच्या केंद्राला आग लागली. लाखो वेबसाइट बंद पडल्या, आणि ज्यांनी दुसरीकडे प्रत ठेवली नव्हती अशा कित्येकांचा माल कायमचा गेला. प्लॅनमध्ये बॅकअप रोजचा आहे की आठवड्याचा, आणि परत मिळवायला वेगळे पैसे पडतात का, ते विचारून घ्या. शिवाय महिन्यातून एकदा एक प्रत आपल्या पेनड्राइव्हवर. बियाणं आपण कधी एकाच कणगीत ठेवतो का?

आणि आता तो मुद्दा, ज्यासाठी खरं तर मी लिहायला बसले. माझ्या ओळखीतल्या एक बाई घरगुती मसाले विकतात. वेबसाइट करून देणाऱ्याने डोमेन स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या नावाने घेतलं. तीन वर्षं सगळं सुरळीत. मग त्याने हे काम सोडलं, फोन नंबर बदलला. नूतनीकरणाची स्मरणपत्रं त्याच्या ईमेलवर जात राहिली, बाईंना पत्ताच नाही. एक दिवस वेबसाइट गायब, आणि काही महिन्यांत ते नाव भलत्याच कुणी घेतलेलं. पाकिटांवर छापलेला पत्ता भलत्याच्या पानावर उघडू लागला. मसाला बाईंचा, गिऱ्हाईक बाईंनी जोडलेलं, पण कागदावर बाई कुठेच नव्हत्या.

ही गोष्ट आपल्याला नवीन आहे का? शेतात राबते ती आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं, हे आपण पिढ्यान् पिढ्या पाहिलं. बाईचं नाव सातबाऱ्यावर लागावं म्हणून शेतकरी संघटनेला 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम चालवावी लागली. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लावणं महाराष्ट्रात सक्तीचं झालं, ते इतक्या उशिरा. मग जो नवा कागद आपल्या डोळ्यांदेखत, आपल्या पैशाने तयार होतोय, त्यावर तरी पहिल्या दिवसापासून आपलं नाव का नको? भाचा गुणी असेल, नवरा भला असेल, प्रश्न विश्वासाचा नाहीच. उद्या भाचा नोकरीला पुण्याला गेला तर चावी कुणाकडे, एवढाच प्रश्न आहे.

म्हणून डोमेन आणि होस्टिंग दोन्हींचं खातं स्वतःच्या ईमेलवर उघडा, मोबाईल नंबर स्वतःचा द्या. बचत गट असेल तर गटाचा वेगळा ईमेल करा आणि अध्यक्ष, सचिव दोघींकडे पासवर्ड ठेवा. पद बदललं की पासवर्डही बदला, आणि तसं इतिवृत्तात लिहा. पावती स्वतःच्या किंवा गटाच्या नावाची घ्या. वेबसाइट बांधून देणाऱ्याला त्याच्या कामापुरता प्रवेश द्या, मालकी नको. नूतनीकरणाची तारीख कालनिर्णयवर गॅसच्या नंबराशेजारी लिहून ठेवा. नाव डॉट इन घ्या किंवा डॉट कॉम, दोन्ही चालतं. २०१४ पासून 'डॉट भारत'मध्ये देवनागरीत पत्ताही मिळतो. घेतलात तर कौतुकच आहे, पण जोडीला इंग्रजी अक्षरांतला ठेवा, कारण अजून पुष्कळ जण तोच टाइप करतात. आणि कंपनी निवडताना एक सोपी परीक्षा. पैसे भरण्याआधी त्यांच्या मदत क्रमांकावर फोन लावा, मराठीत नाहीतर हिंदीत एक साधा प्रश्न विचारा. गिऱ्हाईक होण्याआधी जे नीट बोलत नाहीत ते नंतर काय बोलणार!

काम वाढलं, दिवसाला हजारो माणसं येऊ लागली, पैसे वेबसाइटवरच घ्यायचे ठरले, तर मोठी जागा केव्हाही घेता येते. लहानातून मोठ्यात जाणं सोपं असतं. आधीच मोठी घेतलेली जागा मात्र रिकामी पडली तरी भाडं मागत राहते.

तेव्हा पुढच्या वेळी भाच्यानं विचारलं, "मावशी, कुठला प्लॅन?" तर त्याला म्हणावं, "लहानातला लहान घे बाळा. पण थांब, त्या नावाच्या रकान्यात काय लिहितोयस ते आधी मला दाखव."