उडती मांजरे

थोरामोठ्यांची मांजरांसह घेतलेली छायाचित्रे पाहण्याचा आम्हांस जुना छंद आहे. मांडीवर मांजर विसावले की कीर्तिमान पुरुषही घरच्यासारखा वाटू लागतो. एका छायाचित्रापाशी मात्र आमचे मन अडखळते. ते आहे स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दाली यांचे. फिलिप हाल्समन यांनी १९४८ साली टिपलेले. दाली हवेत, खुर्ची अधांतरी, मधून पाण्याचा झोत आणि तीन मांजरे उडत चाललेली!

खुर्ची हाल्समन यांच्या पत्नीने उचलून धरली होती. अंक मोजताच मदतनिसांनी मांजरे भिरकावावीत, बादली रिती करावी आणि दालींनी उडी घ्यावी, असा बेत. मनाजोगते चित्र साधेपर्यंत हे पंचविसांहून अधिक वेळा घडले. दर खेपेस हाल्समन काळोख्या खोलीत चित्र धुऊन पाहत. तोवर इकडे मांजरांना पकडून पुसणे चाले.

चित्र अलौकिक आहे, यात शंका नाही. दाली उडाले ते स्वखुशीने. मांजरांना कोणी विचारले होते? आमच्या घरची मनी अंगावर चार थेंब उडाले तरी दिवसभर पाठ फिरवून बसते.

ते चित्र दिवाणखान्यात लावावे, हा चिरंजीवांचा हट्ट आम्ही अद्याप पुरविलेला नाही.