पहिल्या प्रचारकांना विसरू नका

प्रति,
ओपन सोर्स प्रकल्पांच्या प्रचारमोहिमा चालवणाऱ्या सर्वांना,



१६ डिसेंबर २००४ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये फायरफॉक्स ब्राउझरची दोन पानी जाहिरात झळकली. तिचा खर्च कोणा उद्योगसमूहाने केला नव्हता. जगभरातल्या सुमारे १०,००० वापरकर्त्यांनी वर्गणी काढून पैसे उभे केले होते आणि वर्गणीदारांची नावे बारीक अक्षरांत त्याच जाहिरातीत छापली होती. मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर ९० टक्क्यांहून अधिक लोक वापरत होते, तो हा काळ. जून २००८ मध्ये फायरफॉक्स ३ एका दिवसात ८०,०२,५३० वेळा उतरवून घेतला गेला आणि गिनीज बुकात विक्रम नोंदला गेला. त्यामागेही हेच हौशी हात होते.

या माणसांनी पैसे आणि वेळ तर दिलाच, पण त्याहून मोठी गोष्ट दिली ती म्हणजे आपला शब्द. नातेवाईक, शेजारी, कॉलेजातले मित्र यांना त्यांनी सांगितले, “हे वापरून बघा, काही अडलं तर मी आहे.” लोकांनी विश्वास ठेवला तो सांगणाऱ्या माणसावर. म्हणून प्रकल्पाची दिशा बदलते तेव्हा तुम्ही निवेदन काढून मोकळे होता आणि जाब मात्र त्या माणसाला विचारला जातो.

उदाहरणार्थ, ऑगस्ट २०१४ मध्ये फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिला संस्थेच्या फायरफॉक्स ओएस या मोबाइल प्रणालीवर चालणारा इंटेक्स कंपनीचा फोन भारतात १,९९९ रुपयांना आला. स्वस्त आणि मुक्त फोन म्हणून स्वयंसेवकांनी या प्रणालीचा हिरिरीने प्रचार केला. डिसेंबर २०१५ मध्ये मोबाइल कंपन्यांमार्फत हे फोन विकणे थांबवत असल्याचे मोझिलाने जाहीर केले. व्यवसाय म्हणून तो निर्णय योग्य असेलही. प्रकल्प थांबवण्याचा हक्क तुमचाच आहे. पण आपल्या शिफारशीवर फोन घेणाऱ्यांना आता काय सांगायचे, हा प्रश्न स्वयंसेवकापुढे उरतो. त्याचे उत्तर तयार ठेवणे हे मोहीम चालवणाऱ्याचे काम आहे.

मोझिलाने सॅन फ्रान्सिस्कोत उभारलेल्या स्मारकावर हजारो योगदानकर्त्यांची नावे कोरली. ही कृतज्ञता मोलाची आहे. मात्र सन्मान नाव कोरण्यापुरता थांबू नये. निर्णय होण्याआधी विश्वासात घेणे हाही सन्मानच आहे.

म्हणून चार मागण्या करतो. मोहीम सुरू करताना ती किती काळ चालेल आणि उत्पादनाला किती वर्षे आधार मिळेल, हे लेखी सांगा. प्रकल्प गुंडाळायचा असेल तर वृत्तपत्रांच्या आधी स्वयंसेवकांना कळवा आणि पर्यायी मार्ग हाती द्या. मोहीम संपली तरी तिच्या नोंदी आणि कामाचे श्रेय जपून ठेवा. आणि समर्थकांची गरजेपुरतीच माहिती गोळा करा. जुलै २००५ मध्ये फायरफॉक्सच्या प्रचारासाठी चालणाऱ्या स्प्रेड फायरफॉक्स मोहिमेच्या सर्व्हरमध्ये घुसखोरी झाली, तेव्हा धोका समर्थकांच्याच माहितीला होता.

यातल्या एकाही मागणीला मोठा निधी लागत नाही. नव्या मोहिमेसाठी स्वयंसेवकांना हाक देण्याआधी जुन्यांना पत्र लिहा, त्यांचे म्हणणे ऐका आणि मगच पुढचे आवाहन करा.

आपला,
मुक्त सॉफ्टवेअरचा एक जुना प्रचारक