बॅग भरली, पण पान लिहिलं का?



शाबानचा महिना लागला की आमच्या घरात माळ्यावरची निळी बॅग खाली उतरते. अमरावतीत आमचं कापडाचं छोटं दुकान आहे आणि ईदचा माल भरायला आमचे हे सुरतेला जातात. आता शहराबाहेर बिजीलँड, सिटीलँडसारखी मोठी घाऊक मार्केटं झालीत, वर्षभराचा किरकोळ माल तिथूनच येतो. तरी ड्रेस मटेरियल आणि साड्यांत चार पैसे सुटायचे असतील तर सुरतेचा रिंग रोड गाठावाच लागतो, असं यांचं म्हणणं. अमरावतीहून थेट गाडी आहे. अकोला, शेगाव, भुसावळ, जळगाव, नंदुरबार करत ती सुरतेला पोचते. माझं माहेर अकोल्याचं. त्यामुळे अकोला स्टेशनवर भाईजान डबा घेऊन उभे असतात.

बॅग भरायचं काम माझं. इतक्या वर्षांत चुकतमाकत जे शिकले ते सांगते.

तीन दिवसांसाठी दोन जोड कपडे पुरतात. बॅग जाताना अर्धी रिकामीच ठेवायची, कारण येताना नमुन्याचे तुकडे आणि कॅटलॉग येतात. माल ट्रान्सपोर्टने येतो, पण बिल्टी आणि बिलं हातात असलेली बरी. पन्नास हजारांच्या वरच्या मालाला ई-वे बिल लागतं. तेव्हा जीएसटी क्रमांकाच्या दोन प्रती, दुकानाचा पूर्ण पत्ता आणि आपल्याकडच्या ट्रान्सपोर्टचं नाव एका कागदावर लिहून द्यायचं. मागच्या ईदचा कोणता माल पडून राहिला, त्याची यादीही सोबत हवी. ही यादी मी करते, कारण दुपारी दुकानात मीच बसते आणि कोणता रंग बायका हातात घेऊन परत ठेवतात ते मला दिसतं.

बीपीच्या गोळ्या मोठ्या बॅगेत नाही, खांद्यावरच्या पिशवीत. आणि दोन दिवसांच्या जास्तीच्या. पैसे एका जागी नाहीत. एक पातळ जानमाज. प्रवासात जुहर, असर आणि इशाच्या चार रकात फर्जच्या दोन होतात, फजर आणि मगरिब तेवढ्याच राहतात. हनफी उलेमा त्यासाठी साधारण ७७-७८ किलोमीटरचं अंतर आणि पंधरा दिवसांपेक्षा कमी मुक्काम धरतात. सुरत तर फारच लांब झाली. जेवणाची मला काळजी नसते. झांपा बाजारात पोचले की हे बारा हांडीचा पत्ता कुणाला विचारत नाहीत.

एवढं सगळं भरून होतं, पण चेन लावायच्या आधी मी यांच्याकडून एक पान लिहून घेते. ते का, हे सांगायलाच या महिन्याचा लेख.

माझे अब्बा अकोल्यात चादरी आणि कटपीसचा व्यापार करत. तेही सुरतेला जायचे. अम्मी रात्री रोट्या दुधात मळून ठेवायची, कोरडा खिमा करायची, पितळी डबा कापडात बांधून द्यायची. बॅगेत काय आहे हे अम्मीला डोळे मिटून सांगता आलं असतं. अब्बांच्या डोक्यात काय आहे, हे मात्र तिला कधी ठाऊक नव्हतं. त्यांचा सगळा हिशेब तोंडी. कुणाला किती द्यायचे, कुणाकडून किती यायचे, सगळं पाठ. लोक कौतुक करायचे.

मी नववीत होते. अब्बा सुरतेला गेले आणि तिसऱ्या दिवशी लॉजवर त्यांच्या छातीत दुखू लागलं. सोबतच्या व्यापाऱ्यांनी दवाखान्यात नेलं, पण उपयोग झाला नाही. अकोल्याला त्यांची मय्यत आली.

दफन झाल्यावर आठवडाभरात माणसं येऊ लागली. कुणी म्हणालं, अठरा हजार राहिलेत. कुणी म्हणालं, दोन गाठींचे पैसे द्यायचेत. खोटं कोण, खरं कोण, अम्मीला काय कळणार? ज्यांच्याकडून येणं होतं, त्यातले दोघंतिघं स्वतःहून येऊन देऊन गेले, अल्लाह त्यांना बरकत देवो. बाकीचे आलेच नाहीत. भाईजान तेव्हा एकोणीस वर्षांचे. जो मागेल त्याचं देऊन टाकायचं, असं त्यांनी ठरवलं. अब्बांच्या मानेवर कर्ज राहायला नको, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यात दुकानाची मागची खोली विकावी लागली.

पैशाचं कसंतरी निभावलं. पण कपाटात एक पुरचुंडी सापडली, हिरव्या कापडात बांधलेल्या दोन सोन्याच्या बांगड्या. त्या अम्मीच्या नव्हत्या. कुणीतरी अब्बांकडे अमानत ठेवलेल्या. नाव नाही, चिठ्ठी नाही. अम्मी येणाऱ्या प्रत्येक बाईकडे बघायची आणि वाट बघायची की ही काही बोलेल. घरात चणचण होती, पण त्या बांगड्यांना तिने हात लावला नाही. ती म्हणायची, "हे सोनं मला झोपू देत नाही."

दोन वर्षांनी आमच्याच मोहल्ल्यातल्या एका खालांच्या मुलीचं लग्न ठरलं. त्या विधवा होत्या. एके दिवशी दुपारी येऊन बसल्या, चहा घेतला, उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या. मग म्हणाल्या, "मय्यतीच्या घरात सोनं कसं मागायचं? आणि माझ्याजवळ पुरावा तरी काय?" अम्मीने फक्त कापडाचा रंग विचारला. त्यांनी हिरवा सांगितला. दोघी किती वेळ रडत होत्या, मला आठवतं. अब्बांनी चार ओळी लिहून ठेवल्या असत्या, तर त्या माउलीची दोन वर्षं अशी गेली नसती.

अब्बांना मी दोष देत नाही. ते इमानदार होते, म्हणून तर लोक त्यांच्याकडे सोनं ठेवत. पण इमान माणसाच्या मनात असतं आणि माणूस गेला की ते वाचायला कुणाला येत नाही.

कुरआनमधली सर्वांत मोठी आयत कोणती, हे मुलांना विचारून बघा. ती नमाजवर नाही, रोज्यावर नाही. सूरह बकराची ती २८२वी आयत देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्यावर आहे. हिजरतच्या रात्री प्रेषित मुहम्मद (स.) मक्केहून निघाले, तेव्हा लोकांच्या अमानती परत करायला हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवून गेले. त्या अमानती अशा लोकांच्याही होत्या, जे त्यांच्या जिवावर उठले होते. प्रवासाची तयारी म्हणजे काय, हे याहून वेगळं कुणी काय सांगणार?

आणि सुरतेचंच बघा. मुघल काळात हिंदुस्थानातून हजला जाणारी जहाजं तिथून सुटायची. हाजींच्या आणि मुसाफिरांच्या मुक्कामासाठी १६४४ मध्ये तिथे मुगलसराई बांधली. आज त्याच इमारतीत सुरत महानगरपालिकेचं कार्यालय आहे. त्या काळी हजला निघणारा माणूस आधी देणी फेडायचा, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे कहा-सुना माफ करवून घ्यायचा. हजला जाताना ही रीत आपण आजही पाळतो. मग त्याच सुरतेला माल घ्यायला जाताना फक्त चार्जर घेतला का, एवढंच का विचारतो?

म्हणून माझं ते एक पान. त्यात चार भाग. देणं: कुणाला, किती, कधीपर्यंत. येणं: कुणाकडून, किती. अमानत: कुणाची कोणती वस्तू आपल्याकडे आहे आणि कुठे ठेवली आहे. चौथ्यात दुकानातल्या मुलांचे राहिलेले पगार, भिशी, बँकेचा हप्ता आणि विम्याचे कागद कुठे आहेत ते. बायकोचा मेहर द्यायचा राहिला असेल, तर तोही देण्यात लिहायचा. तोही कर्जच आहे. माणूस गेल्यावर कफन-दफनाचा खर्च वजा करून आधी कर्ज फेडायचं असतं, मग वसियत, मग वारसांची वाटणी. पण कर्ज किती हेच ठाऊक नसेल, तर पुढचा हिशेब करणार कसा?

पान हातानेच लिहायचं, खाली तारीख आणि सही. फोनमध्ये लिहून चालत नाही, कारण फोन त्यांच्यासोबत जातो. घरी आल्यावर जे फिटलं ते खोडायचं, नवीन लिहायचं. हल्ली आपल्या मुलीही कंपनीच्या कामाला पुण्या-मुंबईला जातात. त्यांनाही हे लागू आहे.

पहिल्या वर्षी हे चिडले होते. "मी माल आणायला चाललोय की मरायला?" मी त्यांना बांगड्यांची गोष्ट सांगितली. ते काही बोलले नाहीत. पेन मागितला.

यंदाचं पान काल रात्री लिहून झालं. मी वाचत होते, तर अमानतीत एक नवी ओळ दिसली. दुकानातल्या मुलाचे नऊ हजार. तो बहिणीच्या लग्नासाठी दर महिन्याला थोडे थोडे यांच्याकडे ठेवतो. मला माहीतच नव्हतं. त्या मुलाला मी रोज चहा देते.

पान रेशनकार्डाच्या डब्यात ठेवलं आणि मग बॅगेची चेन लावली.

तुमच्या घरातलं कुणी या महिन्यात प्रवासाला निघत असेल, तर डबा बांधण्याआधी एक कोरा कागद पुढे करा. खुदा हाफिज.