युद्धकैद्याला जो हक्क आहे, तो सोमनाथला का नाही?

पहलगामच्या हल्ल्यानंतर कनेरगाव नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर आम्ही आपल्याच पोरांच्या तोंडून एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकले : "अतिरेक्याला कसला आलाय कायदा? उलटा टांगा, सगळं ओकतो." बोलणाऱ्यांच्या मोबाईलवर बाबासाहेबांचा फोटो होता. म्हणून हा लेख मनुवाद्यांसाठी नाही, आपल्यासाठी आहे.

आधी कायदा बघू. 1949 च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराचे कलम 17 सांगते की युद्धकैद्याने नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि सैनिक क्रमांक एवढेच सांगायचे. त्यापुढची माहिती काढायला त्याचा शारीरिक किंवा मानसिक छळ करता येत नाही. 2019 मध्ये विंग कमांडर अभिनंदन पाकिस्तानच्या ताब्यात होते, तेव्हा भारताने याच करारावर बोट ठेवले. तेव्हा 'कसला कायदा' असे कोणी विचारले नाही.

संयुक्त राष्ट्रांचा छळविरोधी करार आणखी स्पष्ट आहे. युद्ध, युद्धाचा धोका, आणीबाणी, कोणतीही सबब छळाला चालत नाही. भारताने 1997 मध्ये त्यावर सही केली, पण अजून अनुसमर्थन दिलेले नाही. 2010 मध्ये लोकसभेने छळप्रतिबंधक विधेयक मंजूर केले. ते राज्यसभेत अडकले आणि बारगळले. 2017 मध्ये विधी आयोगाने आपल्या 273 व्या अहवालात असा कायदा पुन्हा सुचवला. कायदा आलाच नाही.

आता समोरच्याचा सगळ्यात जोरदार मुद्दा घेऊ. बॉम्ब तासाभरात फुटणार आहे, ठावठिकाणा याच माणसाला माहीत आहे, मग दोन फटके मारले तर काय बिघडले? बिघडते ते इथे की 'याच माणसाला माहीत आहे' हे ठरवतो कोण? मारणाराच. आणि मार खाणारा खरे बोलत नाही, मार थांबेल ते बोलतो. इब्न अल-शेख अल-लिबी याने इजिप्तमध्ये छळाखाली सांगितले की इराकने अल-कायदाला रासायनिक शस्त्रांचे प्रशिक्षण दिले. ते खोटे होते. पण 2003 मध्ये अमेरिकेने संयुक्त राष्ट्रांत इराकविरुद्ध बाजू मांडताना तेच वापरले, आणि पुढे एक देश बेचिराख झाला.

लांब कशाला जायचे? आपल्या शेजारच्या परभणीचा ख्वाजा युनूस सॉफ्टवेअर अभियंता होता. घाटकोपर स्फोटाच्या संशयावरून डिसेंबर 2002 मध्ये त्याला पोटाखाली पकडले. जानेवारी 2003 मध्ये पोलीस म्हणाले, गाडीला अपघात झाला आणि तो पळाला. कोठडीत त्याला बेदम मारले, असे सहआरोपींनी सांगितले. त्याचा मृतदेह आजवर सापडलेला नाही. निलंबित आरोपी पोलीस 2020 मध्ये पुन्हा सेवेत आले.

2006 च्या मुंबई लोकल स्फोटांत मकोकाखालचे कबुलीजबाब हा खटल्याचा मोठा आधार होता. 21 जुलै 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ते अग्राह्य ठरवून बाराही जणांना निर्दोष सोडले. कबुलीजबाबांतला मजकूर ठिकठिकाणी एकसारखा निघाला आणि छळाच्या तक्रारींत न्यायालयाला तथ्य दिसले. हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली आहे, अपील बाकी आहे. पण एकोणीस वर्षांनंतरही मृतांच्या घरच्यांना खरा गुन्हेगार कळलेला नाही. छळाने त्यांनाही न्याय दिला नाही.

तेव्हा आपण म्हणालो, तो अतिरेक्यांचा मामला आहे, आपला काय संबंध? 10 डिसेंबर 2024 रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. लोक रस्त्यावर उतरले, पोलिसांनी धरपकड केली. वडार समाजातला, कायदा शिकणारा सोमनाथ सूर्यवंशी पकडला गेला आणि 15 डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मेला. शवविच्छेदनात कारण आले : अनेक जखमांमुळे बसलेला धक्का. मुख्यमंत्री विधिमंडळात म्हणाले, मारहाण झालीच नाही. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने मात्र पोलिसांना जबाबदार धरले. जुलै 2025 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवायला सांगितले, तर सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तिथेही हरले.

सोमनाथच्या हातात कोणता बॉम्ब होता? जो पट्टा अतिरेक्यासाठी उचलला तो वस्तीतल्या पोरावर पडला. तो आपल्याला नवाही नाही. पारधी, वडार, महार, मांग यांच्या वस्त्यांनी 'पोलिसी खाक्या' पिढ्यान् पिढ्या सोसला आहे. अतिरेक्यासाठी ज्या छळाला आपण टाळ्या वाजवतो, त्याची परवानगी शेवटी आपल्याच पाठीवर वापरली जाते.

बाबासाहेबांना हे ठाऊक होते. अटकेविरुद्धचे संरक्षण अपुरे राहिले असे दिसताच सप्टेंबर 1949 मध्ये त्यांनी संविधान सभेत नवे कलम आणले. तेच आजचे कलम 22 : अटकेचे कारण सांगा, वकील भेटू द्या, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करा. कलम 20(3) सांगते, कोणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येणार नाही. ही कलमे 'निरपराध व्यक्ती' असे म्हणत नाहीत, 'व्यक्ती' म्हणतात.

म्हणून आमची मागणी सरळ आहे. छळविरोधी करार मान्य करा, कायदा करा, सोमनाथच्या मारेकऱ्यांना शिक्षा द्या. आणि कार्यकर्त्यांनो, पोरगा उचलला की त्याच तासाला ठाण्यात जा. डी. के. बसू निकालाप्रमाणे अटक पंचनामा आणि वैद्यकीय तपासणी मागा. मार बसला असेल तर पहिल्याच हजेरीत दंडाधिकाऱ्यापुढे सांगायला लावा.

आणि टपरीवर पुन्हा कोणी 'उलटा टांगा' म्हणाला, तर त्याला एवढेच विचारा : सोमनाथलाही?

जय भीम! जय संविधान!