चुंबक चिकटलं, म्हणून स्टील खोटं?

मुलांनो, आज आधी माझी चूक सांगते. चुंबकाचा पाठ शिकवताना मी वर्गात बोलून गेले, "खऱ्या स्टीलला चुंबक चिकटत नाही." झालं! मधल्या सुट्टीत चौथीची पलटण डबे तपासत सुटली. एका मुलीच्या डब्याला चुंबक चटकन चिकटलं. "तुझा डबा खोटा!" एकच गिल्ला! तिने डबा तसाच बंद करून ठेवला, खाल्लाच नाही.

घरी येऊन पुस्तकं काढली, तर चूक माझीच!

स्टेनलेस स्टील म्हणजे मुळात लोखंडच. त्यात शंभरात निदान साडेदहा भाग क्रोमियम मिसळलं, की हवेतल्या ऑक्सिजनमुळे वर एक पापुद्रा धरतो. डोळ्यांना न दिसणारा. तोच गंज रोखतो. आणि ओरखडा पडला, तरी हवा लागताच पुन्हा आपोआप धरतो. खरचटलेल्या गुडघ्यावर खपली धरते ना, तसा!

तिचा डबा बहुधा ४३० जातीचा. यात क्रोमियम १६ ते १८ टक्के, निकेल जवळजवळ नाहीच. चुंबक चिकटतं, पण स्टील अगदी खरं. ३०४ मध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. निकेलमुळे आतल्या अणूंची मांडणी बदलते, म्हणून चुंबक चिकटत नाही. हे गंजाला अधिक पुरून उरतं. पण निकेल महाग! म्हणून २०२ मध्ये ते कमी करून मँगनीज घालतात. चुंबक यालाही चिकटत नाही, मात्र गंजाशी झुंजताना हे ३०४च्या मागे पडतं. तेव्हा आई-बाबांनो, दुकानदाराने चुंबक फिरवून दाखवलं तरी ३०४ की २०२ हे कळत नाही. बिलावर जात लिहून मागा.

ओलं मीठ मात्र सगळ्यांचाच वैरी. रात्रभर राहिलं तर पापुद्रा भेदून टाचणीने टोचल्यासारखे खड्डे पाडतं. मॉलिब्डेनम घातलेलं ३१६ त्याला जास्त तोंड देतं, पण घरात लोणच्याला आजीची चिनी मातीची बरणीच बरी.

दुसऱ्या दिवशी वर्गासमोर मी त्या मुलीची माफी मागितली. तिने चुंबक मागून घेतलं आणि थेट माझ्या डब्याला लावलं. मधे चिकटलं नाही, पण वळवलेल्या काठाशी किंचित ओढलं गेलं! (पत्रा वाकवताना तिथली अणूंची मांडणी थोडी बदलते, म्हणून.)

"बाई, तुमचा डबा अर्धा खोटा!" ती म्हणाली, आणि सगळा वर्ग हसला.